१/६ मापाचा धातूचा सेंच्युरियन रणगाडा किटमधून बांधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न वेगवेगळ्या वाचकांनी, पण जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. उत्तरे सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्याच्या १/६ प्रतिकृतीला धरून दिली आहेत, कारण बहुतेक विचारणा त्याच रणगाड्याविषयी होते. टायगर, पँथर किंवा शर्मन बांधणाऱ्यांनाही यातला बराचसा मजकूर लागू पडेल. जिथे पडत नाही तिथे तसा उल्लेख केला आहे.

१. १/६ माप म्हणजे प्रत्यक्षात रणगाडा केवढा होतो आणि त्याचे वजन किती भरते?

मूळ सेंच्युरियन तोफ पुढे रोखलेली असताना सुमारे ९.८५ मीटर लांब, ३.३९ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. त्याची १/६ प्रतिकृती साधारण १.६४ मीटर लांब, ५६ सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच होते. लांबी एक षष्ठांश झाली की क्षेत्रफळ १/३६ आणि घनफळ १/२१६ होते, त्यामुळे सुमारे ५१ टनांच्या रणगाड्याची तंतोतंत प्रतिकृती २३६ किलोच्या घरात जायला हवी. किट इतके जड नसते, कारण त्यात पोलादाऐवजी बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियम असते, चिलखताच्या पत्र्यांची जाडी फक्त दिसणाऱ्या कडांपुरती राखलेली असते आणि आतली जागा रिकामी असते. तरीही बॅटऱ्यांसह पूर्ण झालेला रणगाडा शंभर किलोच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जातो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराच्या मुळाशी हेच वजन आहे.

२. मी आजवर १/३५ मापाची प्लॅस्टिकची किट बांधली आहेत. हे काम त्याहून किती वेगळे आहे?

नजर तीच लागते, हात मात्र वेगळे लागतात. या किटमध्ये यंत्रावर कापलेले ॲल्युमिनियमचे आणि पोलादाचे पत्रे, लेथवर घडवलेली चाके, ओतीव भाग, बेअरिंग, गिअरबॉक्ससह मोटरी आणि स्क्रूंच्या असंख्य पिशव्या असतात. गोंदाने चिकटवण्यासारखे फार थोडे असते. इंग्लंडमधील आर्मोरटेक ही या मापाच्या धातूच्या किटची सर्वांत परिचित उत्पादक आहे, आणि अशी किट बहुतेकदा एका खोक्यात न येता हप्त्याहप्त्याने येतात. प्लॅस्टिकच्या किटमध्ये भाग नीट बसला नाही तर पुट्टीने भागते. येथे चाकाचा आस अर्ध्या मिलिमीटरने तिरका राहिला तर पुढे ट्रॅक (चाकांभोवतीचा दुव्यांचा पट्टा) उतरतो, बेअरिंग झिजते आणि मोटर तापते. हे फिटरचे काम आहे असे समजून सुरुवात करणाऱ्याची निराशा होत नाही. प्लॅस्टिक मॉडेलिंगमधले कौशल्य रंगकामाच्या टप्प्यावर पुरेपूर उपयोगी पडते (प्रश्न १५ आणि १६ पाहा).

३. पहिल्या बांधणीसाठी टायगर घ्यावा की सेंच्युरियन?

टायगरचे आकर्षण समजण्यासारखे आहे, पण बांधणाऱ्याच्या दृष्टीने सेंच्युरियन अधिक सरळ आहे. टायगरला प्रत्येक बाजूला आठ आस आहेत, त्यांचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) हलच्या (रणगाड्याच्या मुख्य धडाच्या) तळातून या बाजूपासून त्या बाजूपर्यंत जातात आणि चाके एकमेकांत गुंतवून बसवलेली आहेत. आतल्या रांगेतले एक चाक काढायचे तर बाहेरची चाके आधी उतरवावी लागतात. सेंच्युरियनला हॉर्स्टमन पद्धतीची सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकांचे तीन बोगी संच हलच्या बाहेरून बोल्टने बसतात. एक संच बिघडला तर तेवढाच काढता येतो, आणि हलचा तळ मोकळा राहिल्याने बॅटऱ्या अगदी खाली ठेवता येतात. शिवाय आपल्याकडे या रणगाड्याचे नाते जवळचे आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पूना हॉर्स या रेजिमेंटने सेंच्युरियन लढवले. लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर आणि पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले ते सेंच्युरियनवरील पराक्रमासाठीच. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये खरा सेंच्युरियन जवळून पाहता येतो, आणि ही सोय टायगर बांधणाऱ्याला भारतात मिळत नाही.

४. कोणती हत्यारे आधीच जमवावीत? घरी लेथ असणे आवश्यक आहे का?

लेथ असल्यास आनंद आहे, नसल्यास अडत नाही. एखादा बुश किंवा स्पेसर लागला तर कोणत्याही औद्योगिक वसाहतीत तो करून मिळतो. घरी मात्र चांगले व्हर्नियर, गुण्या, बाकाला घट्ट बसवलेली व्हाइस, सपाट आणि गोल कानशी, चांगल्या पोलादाच्या ॲलन कीचा संच, सर्क्लिप पक्कड, स्टँडवरचे ड्रिल आणि एम ३, एम ४, एम ५ चे आटे पाडण्याचे टॅप हवेत. टॅपआधीचे छिद्र अनुक्रमे २.५, ३.३ आणि ४.२ मिलिमीटर असते. ॲलन कीवर पैसे वाचवू नयेत, कारण स्वस्त कीचे कोपरे झिजतात आणि स्क्रूच्या डोक्यातला षटकोन गोल करून ठेवतात. तसा एक स्क्रू बाहेर काढण्यात अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी येथे ही हत्यारे सुटी मिळतात, पारखूनही घेता येतात.

५. मी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. इतके वजन घरात ठेवणे सुरक्षित आहे का?

वजनाचा प्रश्न नाही. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला भार प्रतिचौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो आहे. ११० किलोचा रणगाडा हलच्या पाऊण चौरस मीटरहून किंचित कमी जागेवर उभा राहतो, म्हणजे भार दीडशे किलोच्या थोडा वर येतो, आणि तोही खोलीच्या एका कोपऱ्यापुरता. ट्रॅकखालचा दाब तर उभ्या माणसाच्या पावलांखालच्या दाबापेक्षा कमी असतो. जुन्या लाकडी पाटणीच्या वाड्यात किंवा पुढे काढलेल्या बाल्कनीत मात्र हा हिशोब चालत नाही. तिथे अभियंत्याला विचारल्याशिवाय ठेवू नये.

खरी अडचण वर-खाली नेण्याची असते. टरेट (तोफेसह वरचा फिरता भाग) आणि बॅटऱ्या नेहमी वेगळ्या उतरवाव्यात. टरेट बसलेलाच न्यायचा असेल, तर तो मागे फिरवून तोफ इंजिनच्या डेकवर आडवी घ्यावी, म्हणजे लांबी बरीच घटते. खऱ्या सेंच्युरियनवरही प्रवासात तोफ अडकवण्याचा आधार मागच्या डेकवरच असतो. किट मागवण्यापूर्वी लिफ्टचे दार आणि आतली खोली टेपने मोजून घ्यावी. बांधणीसाठी पायडलने वर-खाली होणारे हायड्रॉलिक ट्रॉली टेबल फार उपयोगी पडते, कारण काम हव्या त्या उंचीवर येते आणि हल उचलण्याचा प्रसंगच टळतो. एकट्याने उचलू नये, हे वेगळे सांगायला नको.

६. परदेशातून किट मागवताना सीमाशुल्क किती लागते?

किटची किंमतच काही हजार पाउंडांत असते, त्यामुळे हा प्रश्न मागवण्याआधी सुटलेला असावा. लहान मापाच्या प्रतिकृती, मग त्या चालत्या असोत वा नसोत, सीमाशुल्काच्या वर्गीकरणात खेळण्यांबरोबर ९५०३ या शीर्षकाखाली येतात. या शीर्षकावरील मूळ शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेले. हे शुल्क मालाच्या किमतीत वाहतूक व विमा मिळवून आलेल्या रकमेवर आकारले जाते, आणि त्यावर अधिभार आणि वस्तू व सेवा कर वेगळा. २०२१ पासून लागू असलेला खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे, म्हणून किट प्रौढ छांदिष्टांसाठी असल्याचे विक्रेत्याच्या कागदपत्रांवर स्पष्ट लिहून घ्यावे. दर बदलत असतात. मागणी नोंदवण्याच्या आठवड्यात कस्टम्स ब्रोकरकडून लेखी आकडा घेणे उत्तम. हप्त्याने येणाऱ्या किटचे सर्व हप्ते विक्रेत्याकडे साठवून एकाच खेपेत मागवले, तर कागदपत्रांची डोकेदुखी एकदाच होते. बॅटऱ्या आणि रेडिओ ट्रान्समीटर परदेशातून घेऊ नयेत: लिथियम बॅटऱ्यांना विमानवाहतुकीचे कडक नियम आहेत, आणि रेडिओ उपकरणाच्या आयातीला दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची प्रकार-मान्यता लागते. दोन्ही येथे मिळतात.

७. खोके उघडल्यावर सर्वप्रथम काय करावे?

काहीही जोडू नये. प्रत्येक पिशवी यादीशी ताडून मोजावी, कमी भाग लगेच कळवावेत आणि स्क्रू लांबीनुसार वेगळ्या डब्यांत ठेवून डब्यावर माप लिहावे. एम ४ चा १२ आणि १६ मिलिमीटरचा स्क्रू डोळ्यांना सारखाच दिसतो, पण लांब स्क्रू आत जाऊन गिअरबॉक्सला टेकला की बिघाड कुठे आहे हे शोधताना नाकी नऊ येतात. त्यानंतर हलचे मुख्य पत्रे थ्रेडलॉकशिवाय (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) आणि रंगाशिवाय नुसते उभे करावेत. या कोरड्या जोडणीत स्क्रू अर्धवट आवळून हल सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या लादीवर ठेवावा, तो चारही कोपऱ्यांत टेकतो का हे पाहावे, कर्ण मोजावेत आणि मगच स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. हल पिळलेला राहिला तर ते पुढे कशानेही झाकले जात नाही.

८. काही छिद्रे जुळतच नाहीत. भाग सदोष समजून परत पाठवावा का?

बहुतेक वेळा भाग ठीक असतो. पहिले कारण म्हणजे बर: कापलेल्या कडेवर किंवा छिद्राच्या तोंडाशी राहिलेली धातूची बारीक धार. ती दोन पत्र्यांमध्ये आली तर पत्रे एकमेकांना नीट टेकत नाहीत आणि छिद्रे सरकल्यासारखी वाटतात. प्रत्येक कड कानशीने हलकी मोडावी आणि प्रत्येक छिद्राचे तोंड हाताने काउंटरसिंक फिरवून साफ करावे. दुसरे कारण पावडर कोटिंग किंवा प्रायमरची जाडी. तिसरे कारण क्रम: एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेल्यास शेवटचे छिद्र हमखास चुकते, म्हणून प्रश्न ७ मधील पद्धत पाळावी. चौथे कारण आंधळ्या छिद्रात साठलेले तेल. स्क्रू ते दाबतो, तेलाला जायला वाट नसते, आणि स्क्रू तळाला टेकल्यासारखा थांबतो. अशा छिद्रांत टॅप हाताने एकदा फिरवून, थिनरने धुऊन, हवेने फुंकून काढावे.

इतके करूनही अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फरक राहिला, तर ज्या पत्र्यात आटे नाहीत त्यातले छिद्र गोल कानशीने लांबट करावे. आट्यांचे छिद्र कधीही मोठे करू नये. चाके, गिअरबॉक्स आणि स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारे दातेरी चाक) यांची जागा ठरवणारी छिद्रे मात्र या सवलतीतून वगळावीत; तिथे फरक असेल तर उत्पादकाला मोजमापासह फोटो पाठवून दुसरा भाग मागणे हाच मार्ग आहे.

९. थ्रेडलॉक कुठे लावावे, कुठे लावू नये?

ट्रॅकवर चालणारे यंत्र सतत कंप पावते, त्यामुळे शेवटच्या जोडणीत हलणाऱ्या आणि भार पेलणाऱ्या प्रत्येक धातूच्या आट्याला मध्यम ताकदीचे, निळे थ्रेडलॉक लावावे. लाल फक्त जे पुन्हा कधी उघडायचे नाही तिथे लावायचे, आणि असे ठिकाण या रणगाड्यात क्वचितच असते. स्प्रॉकेटचे ग्रब स्क्रू (डोके नसलेले, शाफ्टवर आवळायचे स्क्रू) सर्वांत आधी सैल होतात; शाफ्टवर त्यांच्यासाठी सपाट जागा नसेल तर कानशीने करून घ्यावी. प्लॅस्टिकच्या भागांजवळ थ्रेडलॉक नेऊ नये, काही प्लॅस्टिक त्याने तडकते. नायलॉनच्या लॉकनटला ते लागतच नाही.

१०. मी रत्नागिरीला राहतो. स्टेनलेसचे स्क्रू वापरले तर गंजाचा प्रश्न मिटेल ना?

स्क्रू गंजणार नाहीत, पण त्यांच्याभोवतीचे ॲल्युमिनियम खराब होईल. खाऱ्या दमट हवेत स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी साठते आणि स्क्रू जागेवर जखडतो. कोकण, मुंबई आणि गोव्यातील वाचकांनी प्रत्येक स्क्रूचे आटे थ्रेडलॉकने किंवा अँटी-सीझ ग्रीसने पूर्ण भरावेत, म्हणजे ओलावा आत शिरत नाही. स्क्रूच्या डोक्याखालची जागा प्रायमर लावून मगच स्क्रू बसवावा. अशी काळजी घेतल्यास जस्तलेपित पोलादी स्क्रूही टिकतात, आणि ताकदीला ते स्टेनलेसपेक्षा सरस असतात.

११. सस्पेन्शन बसवली, पण हल खूप उंच उभा आहे आणि स्प्रिंग दबतच नाहीत. स्प्रिंग बदलावेत का?

आत्ताच बदलू नयेत. रिकामा हल अंतिम वजनाच्या निम्माही नसतो. टरेट, बॅटऱ्या, ट्रॅक आणि स्कर्ट (ट्रॅक बाजूने झाकणारे पत्रे) बसल्यावर तो खाली बसतो. तोपर्यंत तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या योग्य जागी ठेवून उंची तपासावी. पिशव्यांची जागा महत्त्वाची आहे, कारण बॅटऱ्या मागे ठेवल्यास शेपूट बसते आणि नाक वर राहते.

सगळे बसल्यावरही रणगाडा टणक वाटत असेल, तर त्याला भौतिकशास्त्रीय कारण आहे. मापात लहान केलेली वस्तू मूळच्या तुलनेत मापाच्या वर्गमुळाइतकी जलद डोलते, म्हणजे १/६ मापात सुमारे अडीचपट जलद. खड्ड्यावरून जाताना खऱ्या रणगाड्याचा संथ झोका प्रतिकृतीत दिसत नाही, तो यामुळे. थोडे मऊ स्प्रिंग आणि थोडे जादा वजन यांनी फरक पडतो. माझ्या मते आधी वजन वाढवून पाहावे, आणि ते तळाशी पोलादी पट्ट्या ठेवून वाढवावे.

१२. ट्रॅक किती ताणावा, त्याला ग्रीस लावावे का, आणि तो उतरतो तेव्हा काय तपासावे?

सेंच्युरियनचा स्प्रॉकेट मागे आणि आयडलर (मोटर नसलेले, ट्रॅकला ताण देणारे टोकाचे चाक) पुढे असतो; ताण आयडलर पुढे सरकवून देतात. वरचा ट्रॅक रोलरवर हलका झोळ घेऊन टेकलेला असावा, तारेसारखा ताठ नसावा, कारण जास्त ताण बेअरिंगवर आणि मोटरवर येतो. नवा ट्रॅक सुरुवातीला लवकर लांबतो, कारण पिना आणि त्यांची छिद्रे एकमेकांना घासून बसतात. आयडलर पुढच्या टोकाला पोहोचला की एक दुवा काढून पुन्हा मागे घ्यावा. खऱ्या रणगाड्यांवरही हेच करतात.

ग्रीस लावू नये. ग्रीसला वाळू चिकटते आणि ती पिनांमध्ये पॉलिश पेपरचे काम करते. चालवून झाल्यावर ब्रशने झाडावे, पातळ मशीन तेलाचा हात फिरवावा आणि कापडाने पुसून घ्यावे.

ट्रॅक नेहमी एकाच बाजूचा उतरत असेल तर ताणापेक्षा सरळपणा तपासावा: स्प्रॉकेट, चाके आणि आयडलर एका रेषेत आहेत का, हे लांब पट्टी लावून पाहावे. दोन्ही बाजूंचे ट्रॅक वळतानाच उतरत असतील तर ताण कमी आहे किंवा जागेवरच वेगाने वळवले जात आहे.

१३. कोणत्या बॅटऱ्या घ्याव्यात? मोटर कंट्रोलर आणि फ्यूज कसे निवडावेत?

या मापात सामान्यतः २४ व्होल्टवर काम चालते. १२ व्होल्टच्या दोन लेड ॲसिड बॅटऱ्या एकामागे एक जोडणे हा जुना, स्वस्त आणि अजूनही चांगला उपाय आहे. त्यांचे वजन तळाशी राहते आणि तेच वजन सस्पेन्शनला हवे असते. लिथियम आयर्न फॉस्फेटचा आठ सेलचा पॅक हलका आणि टिकाऊ असतो, पण तो निवडताना त्याच्या संरक्षक सर्किटची प्रवाहमर्यादा पाहावी. रणगाडा एक ट्रॅक पुढे आणि एक मागे चालवून वळतो तेव्हा सर्वाधिक प्रवाह लागतो. मर्यादा कमी असेल तर रणगाडा सरळ उत्तम चालतो आणि वळताना अचानक बंद पडतो. अशा तक्रारींत मोटरवर विनाकारण संशय घेतला जातो. हलका पॅक घेतल्यास हल वर उचलला जाईल, हेही धरावे (प्रश्न ११).

कंट्रोलर मोटरच्या नेहमीच्या प्रवाहावरून निवडू नये. अडलेल्या मोटरचा प्रवाह म्हणजे व्होल्टेज भागिले तिचा रोध. समजा रोध ०.२५ ओहम आहे, तर २४ व्होल्टला तो ९६ अँपिअर होतो; कंट्रोलर निदान क्षणभर तेवढा सोसणारा हवा. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितका जवळ बसवावा, कारण फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधल्या तारेला कोणतेच संरक्षण नसते, आणि धातूच्या हलमध्ये तार घासून उघडी पडायला वेळ लागत नाही. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक तारेला रबरी ग्रोमेट हवाच. एक लाल मुख्य स्विच बाहेरून हात पोहोचेल असा ठेवावा. जोडणी आणि तारा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत मिळतील.

१४. रिमोट टेबलावर नीट चालतो, पण हल बंद केल्यावर दहा-पंधरा पावलांवर संपर्क तुटतो. असे का?

बंद धातूची पेटी रेडिओ लहरी अडवते. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरचा ॲन्टेना हलच्या बाहेर यायला हवा. टरेटवरचा नकली ॲन्टेना पोकळ करून त्यातून तो वर नेणे सर्वांत नीटनेटके. मग फेलसेफ (संपर्क तुटताच मोटरी थांबवणारी सोय) तपासावा: चाके जमिनीवरून उचलून रणगाडा ठोकळ्यांवर ठेवावा, मोटरी फिरत असताना ट्रान्समीटर बंद करावा, आणि मोटरी ताबडतोब थांबतात याची खात्री करावी. त्या चालतच राहिल्या तर तो रणगाडा जमिनीवर उतरवू नये. ट्रान्समीटर आधी चालू करावा आणि सर्वांत शेवटी बंद करावा.

१५. टरेटचा पृष्ठभाग फार गुळगुळीत दिसतो. ओतीव पोलादाचा खडबडीतपणा कसा आणावा?

सेंच्युरियनचा टरेट ओतीव आहे आणि त्याचे छत पत्र्याचे, वेल्ड केलेले. म्हणून खडबडीतपणा बाजूंना द्यावा, छताला देऊ नये. इपॉक्सी प्रायमरवर मोटारीच्या रंगकामातली पॉलिएस्टर पुट्टी थोडी पातळ करून, ताठ केसांच्या ब्रशने टिपून लावावी आणि सुकल्यावर ४०० च्या पॉलिश पेपरने टोके मोडावीत. १/६ माप मोठे असल्याने हात जड पडतो. खऱ्या टरेटवरचा खडबडीतपणा सहाने भागला की उरते ते फार थोडे, त्यामुळे दोन पावलांवरून जेमतेम जाणवेल एवढेच पुरे.

१६. ॲल्युमिनियमवर रंग टिकत नाही, कोपऱ्यांवरून पापुद्रे निघतात. कोणती पद्धत वापरावी?

ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि साधा प्रायमर त्याला धरत नाही. भाग थिनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा, ३२० च्या पेपरने खरडवावा, पुन्हा धुवावा आणि नंतर बोट न लावता त्याच दिवशी एच प्रायमर (धातूला किंचित खाऊन पकड घेणारा) मारावा. त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग. पावसाळ्यात रंगकाम टाळावे. बेअरिंगच्या जागा, आटे आणि एकमेकांवर सरकणारे पृष्ठभाग टेपने झाकावेत. ट्रॅक रंगवण्यात अर्थ नाही, पहिल्या फेरीतच तो रंग जातो.

१७. मला पूना हॉर्सचा सेंच्युरियन करायचा आहे. किट मार्क ५ चे आहे, चालेल का?

दुरून चालेल, जवळून नाही. मार्क म्हणजे रणगाड्याची आवृत्ती, आणि भारतीय सैन्याकडे प्रामुख्याने मार्क ७ होते. मार्क ७ मध्ये इंधनाची क्षमता वाढवली गेली, त्यामुळे इंजिनचा डेक आणि मागची बाजू वेगळी आहे. पुढून पाहणाऱ्याला फरक लवकर कळत नाही. तोफही तपासावी: २० पाउंडरच्या एका प्रकारच्या नळीवर मध्यभागी धूर बाहेर काढणारा फुगीर भाग असतो, दुसऱ्यावर नसतो, आणि नंतरच्या मार्कवरील १०५ मिलिमीटरची तोफ या दोन्हींहून वेगळी. ज्या रणगाड्याची प्रतिकृती करायची त्याचे त्या काळातील छायाचित्र समोर ठेवूनच निर्णय घ्यावा.

रंगासाठी संग्रहालयातल्या किंवा चौकात उभ्या केलेल्या रणगाड्यावर विसंबू नये, कारण ते अनेकदा पुन्हा रंगवलेले असतात. ब्रिटिश सेंच्युरियन करणाऱ्यांचे काम सोपे आहे: डीप ब्रॉन्झ ग्रीन, ब्रिटिश मानक ३८१सी मधील क्रमांक २२४. मोजमापांसाठी मात्र संग्रहालयाला तोड नाही. टूल बॉक्सचे कुलूप, वेल्डची रेघ, दिव्यांच्या तारा या गोष्टी कोणत्याही आराखड्यात नसतात. फोटो काढण्याआधी तेथील नियम विचारावेत.

१८. किट न घेता स्थानिक वर्कशॉपमधून सगळे भाग करून घेतले तर स्वस्त पडेल का?

हल आणि टरेटपुरते पडेल. लेझर कटिंग आणि सीएनसी भोसरीसारख्या ठिकाणी सहज मिळते. घोडे अडते ते ट्रॅकवर. दोन्ही बाजूंचे मिळून दोनशेच्या घरात दुवे, सगळे एकसारखे, आणि प्रत्येक दुव्यातील पिनांच्या छिद्रांमधील अंतर काटेकोर हवे. एका दुव्यात दशांश मिलिमीटरची चूक असली तरी शंभर दुव्यांत ती एक सेंटिमीटर होते आणि स्प्रॉकेटचे दात चढू लागतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतून घेण्याचा विचार चांगला आहे, पण पोलाद थंड होताना सुमारे दोन टक्के आकसते, ते साच्यात धरावे लागते, आणि छिद्रे ओतल्यानंतर जिगमध्ये (भाग ठरलेल्या जागी धरणाऱ्या चौकटीत) धरूनच पाडावी लागतात. इतक्या कमी नगांसाठी फाउंड्री तयार होईलच असे नाही. ट्रॅक आणि स्प्रॉकेट विकत घेऊन बाकीचे करणे हा व्यवहार्य मध्यममार्ग आहे.

१९. घरातल्या फरशीवर चालवता येईल का? मुलांना वर बसवून फेरी मारता येईल का?

उभा रणगाडा फरशीला काही करत नाही (प्रश्न ५), पण वळताना पोलादी ट्रॅक आडवा घासतो आणि ओरखडे उठतात. मातीचे मैदान किंवा गवत उत्तम. खडबडीत काँक्रीटवर वळणे मोटरवर सर्वांत जड जाते. मूळचा कमाल वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर, म्हणजे मापानुसार ताशी सहा किलोमीटरच्या आत, भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. त्याहून अधिक वेग ठेवू नये.

मोटरींना मुलाचे वजन ओढता येते, तरी बसवू नये. ट्रॅक आणि स्प्रॉकेट यांच्यामध्ये सापडलेले बोट मोटरला जाणवतही नाही. प्रेक्षकांनी निदान तीन-चार मीटर दूर राहावे, आणि सार्वजनिक जागेत परवानगीशिवाय चालवू नये.

२०. आमच्या मंडळाला गणपतीच्या देखाव्यात तो ठेवायचा आहे. काय काळजी घ्यावी?

उभा ठेवायचा असेल तर बॅटऱ्या काढून ठेवाव्यात आणि हल ठोकळ्यांवर टेकवावा, म्हणजे कोणी ढकलला तरी सरकत नाही. स्टेज बांधणाऱ्याला वजन आणि जागा आधी सांगावी. प्लायखालचे आडवे वासे जवळजवळ घ्यावे लागतात. फक्त टरेट फिरवायचा असेल तर त्याच्या मोटरला वेगळी लहान बॅटरी द्यावी आणि ट्रॅकच्या मोटरींची जोडणी काढावी. गर्दीत ट्रॅकवर चालवण्याची मागणी होतेच, ती नाकारावी. मांडवात गळती असेल तर प्रश्न १० मधली सर्व काळजी रत्नागिरीत नसतानाही लागू होते.

२१. एकाने अर्धवट सोडलेले किट निम्म्या किमतीत मिळते आहे. घ्यावे का?

घ्यायला हरकत नाही, पण जोडलेल्या भागापेक्षा न जोडलेले भाग जास्त मोलाचे समजावेत. जोडलेला हल सपाट पृष्ठभागावर ठेवून डोलतो का ते पाहावे, कर्ण मोजावेत, आणि स्क्रूंना लाल थ्रेडलॉक लावले आहे का हे विचारावे; लावले असल्यास तो उघडण्यासाठी प्रत्येक स्क्रू तापवावा लागेल. ट्रॅकचे दुवे मोजावेत. मूळ यादी आणि सर्व हप्त्यांची सूचनापुस्तिका नसेल तर हरवलेला भाग कोणता हेच कळत नाही. अशा वेळी किंमत ठरवण्याआधी उत्पादकाकडे त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का, याची चौकशी करावी. बंद झालेल्या किटचा एक गिअरबॉक्स नसेल तर बाकीचे सगळे फक्त देखाव्यापुरते उरते.